डबा खायचा की डाव मांडायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी सात वर्षांची, अनुदानित मराठी शाळेत दुसरीत. घरी सगळे तिला ‘बाय’ म्हणतात. शाळा पावणेआठ ते पाऊण. बालरथ, म्हणजे शाळेची बस, सात वाजून दहा मिनिटांनी दारात येतो, त्यामुळे सकाळी अर्धा कप दूध आणि एखादं बिस्किट एवढंच पोटात जातं. दहा वाजता वीस मिनिटांची एकच मधली सुट्टी. डब्यात चपाती-भाजी, नाहीतर पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पाव आणि पातळ भाजी. डबा रोज अर्धा परत येतो. ‘मुलगी फार हळू खाते, घरी सवय लावा’ असं बाईंनी वहीत लिहून पाठवलं. गेल्या महिन्यात लेखन पुरं झालं नाही म्हणून दोनदा तिला सुट्टीत वर्गातच बसवून ठेवलं. आईने घरी समोर घड्याळ ठेवून दहा मिनिटांत जेवायची सवय लावायला घेतली, तर आठवडाभर नुसती रडारड. नवरा म्हणतो, “आम्ही दहा मिनिटांत खाऊन खेळायलाही जायचो.” सासूबाई म्हणतात, “डबाच देऊ नको, शाळेत मिळतं ते खाईल.” पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढला तेव्हा दोघीतिघींनी मान डोलावली, पण एका वडिलांनी विचारलं, “सुट्टी वाढवली तर पोर्शन कधी संपणार?” आईचा प्रश्न असा: लहान मुलांना खायला आणि खेळायला नेमका किती वेळ हवा? शाळेला सांगावं, की मुलीलाच भराभर खायला शिकवावं?

प्रिय ताई,

सगळ्यात आधी जेवताना समोर ठेवलेलं ते घड्याळ उचलून ठेवा. आजच. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही हे काळजीपोटी केलंत हे मला ठाऊक आहे. बाईंनी लिहून पाठवलं, ते तुमच्या जिवाला लागलं, आणि हातात होतं ते तुम्ही केलंत. पण घरच्या ताटासमोरही घड्याळ आलं तर दिवसातलं एकही जेवण त्या पोरीला निवांत मिळत नाही. आठ दिवसांची रडारड तेच सांगते आहे. घाई शिकवली म्हणून मूल जास्त खात नाही. ते मोठे घास कोंबतं, पाण्याबरोबर गिळतं आणि पोट भरलं की नाही हे कळायच्या आत उठतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. शाळेला सांगू की मुलीला शिकवू, असं तुम्ही विचारता. दोन्हीच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, की वीस मिनिटं सगळ्या मुलांना मिळतात आणि फक्त बायला ती पुरत नाहीत. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीला. त्या वीस मिनिटांचा हिशेब मला तोंडपाठ आहे, तो तुमच्यापुढे मांडते.

दहाला घंटा होते. फळ्यावरची शेवटची ओळ उतरवून वही दप्तरात जाईपर्यंत दोन मिनिटं गेली. मग हात धुवायची रांग. वर्गात ३५ मुलं आणि नळ दोन असतील, आणि एकेकाला पंधरा सेकंद धरली, तरी शेवटच्या मुलाचे हात ओले व्हायला चार मिनिटं उलटतात. त्याच वेळात कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाची पाण्याची बाटली दप्तरात तळाशी गेलेली असते. व्हरांड्यात पंगत बसते, श्लोक होतो. मग डबा उघडायचा. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडताना सात वर्षांच्या मुलीची बोटं कशी पांढरी पडतात ते मी रोज पाहिलंय. ती बाईंकडे येते, पण बाईंपुढे आधीच पाच डबे उभे असतात. या सगळ्यात दहा वाजून नऊ मिनिटं झाली. पुढची घंटा दहा वीसला, पण सतरा-अठरा मिनिटांनीच ‘आवरा, आवरा’ सुरू होतं, कारण डबे भरायचे, पुन्हा हात धुवायचे, रांगेत यायचं. म्हणजे बायच्या वाट्याला आली आठ मिनिटं. तेवढ्यात तिने चपाती-भाजी संपवायची आणि खेळूनही यायचं.

म्हणून मला ती हळू खाणारी मुलगी वाटत नाही. सात वर्षांची मुलगी खाईल तशीच ती खाते आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. बायचे पुढचे दात जागेवर आहेत का? सहा ते आठ या वयात पुढचे दुधाचे दात पडतात. दुसरीचा वर्ग हसला की निम्म्या तोंडांना खिडक्या दिसतात. सकाळी पोदेर हॉर्न वाजवत येतो तेव्हा उंडा, म्हणजे गोल पाव, कसा कुरकुरीत आणि गरम असतो! तोच दहा वाजेपर्यंत डब्यात चिवट होतो. मोठ्या माणसालाही तो दाताने ओढावा लागतो. पुढचे दोन दात नसलेली मुलगी तो ओढणार कशाने? मग ती कडा कुरतडत बसते, भाजी बोटाने चाटते आणि पाव तसाच परत येतो. पावाचे सकाळीच चार लहान तुकडे करून, मऊ भाग वर ठेवून, भाजी आतच भरून दिली तर बघा काय होतं. चपातीचीही गुंडाळी करून तीन तुकडे करा. डब्याचं झाकण तिला स्वतःला उघडता येतं का, हे रविवारी घरी पाहून ठेवा. नसेल तर डबा बदला. या दोन-तीन गोष्टींना शाळेची परवानगी लागत नाही आणि त्यांनी रोजची तीन-चार मिनिटं वाचतात.

पटकन संपतं म्हणून चिप्सचं पाकीट किंवा क्रीमचं बिस्किट मात्र देऊ नका. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असं अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमावलीत म्हटलंय. जे दारात विकायला बंदी आहे ते आपणच दप्तरातून आत पाठवायचं, हे काही बरोबर नाही. घावन, आंबोळी, उकडलेलं रताळं, केळं, गूळ-खोबरं घातलेले पोहे, हे सगळं मऊ आहे आणि भूक भागवणारं आहे.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. ते खोटं बोलत नाहीत, आठवण तशीच राहते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विचारून पाहा: दहा-साडेदहाला पूर्वी घरात काय असायचं? पेज. शेतावर माणूस असला तरी तो बांधावर बसायचा. पेज, लोणच्याची फोड, असली तर भाजलेली सुकी मासळी. त्या वेळेला कुणी ‘लवकर आटप’ म्हणत नसे. सकाळच्या कष्टांनंतरचं ते खरं जेवण होतं आणि त्याला त्याचा वेळ होता. बायची मधली सुट्टी बरोबर त्या पेजेच्या वेळेलाच येते. पावणेसातला अर्धा कप दूध पिऊन निघालेली मुलगी दीड वाजता घरी पोचते. म्हणजे पावणेसात तास. या पावणेसात तासांत पोटभर खायची संधी एकदाच, ती ही. तिला ‘खाऊची सुट्टी’ म्हटलं की आपण नकळत तिला हलकं करतो. डब्यातला खाऊ हे त्या मुलीचं अर्ध्या दिवसाचं जेवण आहे, आणि जेवणाला वेळ लागतो.

सासूबाईंच्या सूचनेत मात्र तथ्य आहे, ती झटकून टाकू नका. शाळेत माध्यान्ह आहार येतो. बचत गटाच्या बायका पाव-भाजी, पुलाव असं काही करून पाठवतात. प्राथमिकच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं योजनेचं प्रमाण आहे. म्हणजे तो नुसता तोंडात टाकायचा खाऊ नव्हे, जेवणच आहे. अडचण अशी, की बऱ्याच घरांतून डबाही येतो आणि मूल तो आहारही घेतं. मग आठ मिनिटांत दोन ताटं. बायला काय आवडतं ते तिला विचारा आणि एकच ठरवा. शाळेतलं ती आवडीने खात असेल तर डब्यात फक्त एक केळं किंवा मूठभर चणे द्या. आवडत नसेल तर डबा द्या आणि शाळेतलं घ्यायची सक्ती नको असं बाईंच्या कानावर घाला. मात्र ‘डबाच देऊ नको, भूक लागली की झक मारत खाईल’ अशा अर्थाने ते असेल तर नको. भुकेने मूल शिकत नाही, चिडतं.

आता खेळ. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा डबा रोज भरलेला परत जायचा. आई बिचारी पदार्थ बदलून बदलून थकली. मी त्याला दोनदा रागावलेही. शेवटी एक दिवस मी व्हरांड्यात त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि नुसती पाहत राहिले. घंटा झाल्याबरोबर तीन-चार मोठी मुलं डबा न उघडताच मैदानात पळाली आणि लगोरीचे गडी वाटून घेऊ लागली. पाचव्या मिनिटाला गडी ठरले. त्यानंतर येणाऱ्याला ‘आता नाही, उद्या’. त्या पोराला हे पक्कं ठाऊक होतं. डबा खाल्ला तर डाव गेला. त्याने रोज डाव निवडला, आणि मी त्याला खाण्याचा कंटाळा आहे असं वहीत लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकच नियम केला. पहिली बारा मिनिटं कुणीच उठायचं नाही. डबा संपलेल्याने गप्पा मारायच्या, शेजारच्याला वाढायचं, पण मैदान बंद. बारा मिनिटांनी मी स्वतः टाळी वाजवायची आणि मग सगळ्यांनी एकदम जायचं. चार दिवसांत त्या मुलाचा डबा रिकामा जाऊ लागला. त्यात माझं कौतुक नाही, कारण ते कळायला मला चार महिने लागले.

तेव्हा बायला लवकर खायला शिकवण्याआधी हे शोधा, की ती उठते कशासाठी. आणि ती उठतच नसेल, सगळा वेळ बसूनच असेल, तर तिला कुणी खेळायला घेत नाही का? तीही शक्यता आहे. काही मुलं मैदानावर एकटं पडायला नको म्हणून डबा लांबवतात.

खाणं आणि खेळणं या मुलांच्या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकाच वीस मिनिटांत दोन्ही बसवल्या की मुलाला रोज एक सोडावी लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली मधल्या सुट्टीवर एक निवेदन काढलं. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं, की सुट्टी हा मुलाच्या वाढीचा भाग आहे आणि शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी ती काढून घेऊ नये. तिथल्या आरोग्य यंत्रणेची शिफारस प्राथमिकच्या मुलांना रोज निदान २० मिनिटं मोकळ्या खेळाची आहे, आणि जेवायला बसल्यावर निदान २० मिनिटं वेगळी. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांत हार्वर्डच्या अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा बसून खायला २० मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेल्या मुलांनी मुख्य पदार्थ, भाजी आणि दूध तिन्ही कमी घेतलं. तिथली मुलं, तिथले पदार्थ, सगळं वेगळं आहे हे खरं. पण दात आणि जबडा इथल्या मुलांचाही तेवढाच चालतो. फिनलंडमध्ये ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटं सुट्टी द्यायची जुनी पद्धत आहे.

ग्रुपवरच्या त्या वडिलांचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पोर्शनची काळजी खरी असते, आणि तिला उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. ते तुम्हाला देते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला निदान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. भागाकार करा, दिवसाला चार तास येतात. बायची शाळा पाच तासांची आहे. म्हणजे कायद्याला हवं तेवढं शिकवून रोज एक तास उरतो. प्रार्थना, हजेरीला दहा मिनिटं द्या. उरली पन्नास. त्यातली वीसच सुट्टीला जातात. बाकीची तीस कुठे जातात, हे भांडणाच्या सुरात नव्हे, पण विचारायला हरकत नाही. सहावीपासून हा आकडा २२० दिवस आणि १००० तासांवर जातो, म्हणून मोठ्या वर्गांना एवढी मोकळीक नसते. एकाच आवारात हायस्कूल असेल आणि घंटा दोघांची एकच असेल, तर प्राथमिकची सुट्टीही मोठ्यांच्या घंटेला बांधली जाते. तुमच्या शाळेत तसं असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना घंटेची गरज नसते, बाईंची टाळी पुरते.

आणि शिकवण्याच्या बाजूने पाहिलं तरी तेच. अँथनी पेलेग्रिनी नावाच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात शाळांमध्ये बसून पाहिलं, की सुट्टी जितकी उशिरा दिली तितकं मुलांचं लक्ष उडत गेलं. हे वाचायच्या आधीपासून प्रत्येक प्राथमिक शिक्षिकेला ते ठाऊक असतं. साडेअकराचा गणिताचा तास घेऊन पाहा. आधी धावून, घाम गाळून आलेली मुलं आणि बसून राहिलेली मुलं यात केवढा फरक असतो!

तर तुमच्या ‘किती वेळ’ला माझं उत्तर असं. पाच तासांच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलाला खायला, बूड टेकल्यापासून मोजून, पंधरा मिनिटं. हात धुण्याची रांग त्यात धरायची नाही. खेळायला वीस मिनिटं. आणि पाणी-लघवीसाठी नऊच्या सुमारास पाच आणि साडेअकराच्या सुमारास पाच. केरळात २०१९ साली शाळांमधून ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली, ती मला फार आवडली. आपल्याकडे मुली लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. एकाच सुट्टीत सगळं कोंबलं की पहिला बळी पाण्याचा जातो. बाय घरी आल्यावर बाटली किती रिकामी आहे तेही पाहा.

आधी खेळ आणि मग खाणं, असा उलटा क्रमही काही शाळांनी करून पाहिला आहे. अमेरिकेत तसं केल्यावर मुलांनी फळं-भाज्या जास्त खाल्ल्या असं आढळलं. मी आमच्या मुलांसाठी तो सुचवणार नाही. पावणेसातपासून उपाशी असलेलं पोर दहा वाजता आधी धावलं तर चक्कर येईल, आणि एप्रिलच्या उन्हात तर नकोच. ज्या शाळेत मुलं खाऊन येतात आणि अकराला सुट्टी होते तिथे तो क्रम चांगला.

आता शाळेत जायचं कसं. तुम्ही लिहिलंय, ‘मी कटकटी पालक ठरेन अशी भीती वाटते.’ एक सांगू? शिक्षकांना वाईट पालक वाटतो तो परिशिष्ट हातात घेऊन दारात उभा राहणारा. मदत करायला आलेला पालक कुणाला नको असतो? बायच्या बाईंची मधली सुट्टी कशी जाते याचा विचार करा. माध्यान्ह आहार आला की मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने चव घेऊन पाहायची असते. मग वाढपाकडे लक्ष, मग नोंद, मग पाच घट्ट डबे उघडायचे, एकाचं सांडलेलं पुसायचं. त्यांना स्वतःला चहा प्यायला मिळतो की नाही कोण जाणे. सुट्टी वाढवायची म्हणजे मैदानावर लक्ष ठेवायचं कामही त्यांचंच वाढणार. म्हणून हात हलवत जाऊ नका.

पहिल्या भेटीत एवढंच म्हणा: “बाई, मला एक दिवस मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून पाहू द्याल का? बाय कशी खाते ते मला कळत नाही.” कुठलीही शिक्षिका याला नाही म्हणणार नाही. तिथे जाऊन बायच्या ताटाकडे नको, सगळ्या वर्गाकडे पाहा. हात धुवायला किती वेळ गेला, शेवटचं मूल कधी बसलं, कितीजणांचे डबे अर्धे राहिले, ते मनात टिपा. तुम्हाला बहुतेक बायसारखी दहा-बारा मुलं दिसतील. मग हा एका ‘हळू खाणाऱ्या मुलीचा’ प्रश्न राहत नाही, आणि तुम्ही कटकटी ठरत नाही.

त्यानंतर पालक-शिक्षक संघाच्या सभेत मागणी छोटी ठेवा. वरच्या सगळ्या वेळांची यादी पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवली तर ती तिथेच राहील. फक्त पहिली-दुसरीसाठी दहा मिनिटं वाढवून मागा, एक महिना प्रयोग म्हणून. शाळा सुटायची वेळ पुढे ढकला असं म्हणू नका, कारण बालरथाच्या फेऱ्या ठरलेल्या असतात आणि एका वर्गासाठी तो थांबणार नाही. वेळ दिवसाच्या आतूनच काढायला हवा. आणि बरोबर एक गोष्ट द्या: आठवड्यातून एकेक दिवस दोन-दोन पालक येऊन डबे उघडून देतील, नळाजवळ उभे राहतील, मैदानावर लक्ष ठेवतील. आज्या-आजोबा याला आनंदाने तयार होतात. हात धुवायला दोन नळांच्या जोडीला नळ लावलेली एक टाकी बसवायची असेल तर तो खर्च पालकांना सहज पेलतो आणि त्यातून रोजची दोन मिनिटं सुटतात. पोर्शनची काळजी असलेल्या त्या वडिलांनाच पहिल्या आठवड्याला बोलवा. त्यांचं मूलही त्याच व्हरांड्यात बसतं.

सुट्टीत वर्गात बसवून ठेवण्याबद्दल मात्र बाईंशी वेगळं, एकटीने आणि नरमाईने बोला. हे मीही केलंय. वजाबाकी चुकली म्हणून एका मुलीला मी सुट्टीभर बसवलं होतं. ती पेन्सिल हातात धरून खिडकीतून बाहेरच्या लंगडीकडे बघत होती आणि ओठ हलवून कुणाचा पाय टेकला ते मोजत होती. सुट्टी संपली तेव्हा वहीत एकही गणित नव्हतं, आणि पुढचे दोन्ही तास तिने काही केलं नाही. त्या दिवसानंतर मी कुणाची सुट्टी कापली नाही, पण त्या मुलीची ती सुट्टी परत देता आली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय, तिथे दुसरीतल्या चार ओळींसाठी जेवण आणि खेळ दोन्ही जावं एवढं त्या ओळींचं मोल नाही. “राहिलेलं लेखन मी घरी तिच्याजवळ बसून करून घेईन, पण सुट्टी तिला असू द्या,” असं म्हणा. बाईंनाही तेच बरं वाटेल. त्यांनाही ती मुलगी समोर बसलेली आवडत नसते.

शाळा बदलायचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिला आहे. दहा मिनिटांसाठी नको. नव्या शाळेतही हीच घंटा निघाली तर?

पावसाचं मात्र आधीच बोलून ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानावर चिखल असतो आणि सुट्टी वाढवून मिळाली तरी मुलं वर्गातच अडकतात. चार महिने पस्तीस मुलं एका खोलीत बसली की धक्काबुक्की होते आणि मग ‘बघा, म्हणून सुट्टी कमी बरी’ असं कुणीतरी म्हणतंच. व्हरांड्यात खडूने लंगडीची घरं आखून ठेवली, सागरगोटे आणि चिंचोक्यांच्या दोन-चार पिशव्या वर्गात ठेवल्या, तर पावसातही वीस मिनिटं छान जातात. चिंचोके तुमच्या सासूबाईंकडेच निघतील.

बायचं वजन वाढत नसेल, ती घरीही नीट खात नसेल किंवा वरचेवर पोट दुखतं म्हणत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सकाळच्या अर्ध्या कप दुधाबरोबर नाचणीची थोडी पेज देता आली तर पाहा. वीस मिनिटं आधी उठवावं लागेल, म्हणजे रात्री अर्धा तास आधी झोपवावं लागेल. ते तुमच्या घरात जमेल की नाही ते तुम्हीच ठरवा.

आणि आज ती घरी आली की डबा का उरला असं विचारू नका. आज सुट्टीत कुठला डाव होता आणि तिला त्यात कुणी घेतलं का, ते विचारा. मग ती बोलेल तेवढा वेळ ऐका.